वडाचे पान आणि ढाल

कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची लहानशी मूर्ती आहे. ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. पश्चिमेकडच्या व्यापाराबरोबर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली. पण त्याच्याही कितीतरी आधी आपल्या देशातून एक गोष्ट ग्रीसला जाऊन पोचली होती. ती म्हणजे आपल्या वडाची, भाताची आणि कापसाची हकीकत. ती लिहून ठेवणाऱ्या माणसाची आज ओळख करून घेऊ.

त्याचे नाव थिओफ्रॅस्टस. इ. स. पू. ३७१ च्या सुमारास लेस्बॉस बेटावरच्या एरेसॉस गावी तो जन्मला. ॲरिस्टॉटल हा त्याचा गुरू. शिष्याची वाणी इतकी गोड, की 'देवासारखा बोलणारा' अशा अर्थाचे हे नाव गुरूनेच त्याला दिले, असे सांगतात. गुरूमागे अथेन्सची 'लायसियम' ही पाठशाळा त्याने सुमारे ३५ वर्षे चालवली. मध्यंतरी सरकारी परवानगीवाचून कोणाही तत्त्वज्ञाने पाठशाळा चालवू नये, असा कायदा झाला. तेव्हा तो शहर सोडून गेला. वर्षभरात कायदा रद्द झाला आणि तो परत आला.

तत्त्वज्ञ म्हणजे आकाशाकडे बघत बसणारा माणूस, अशी आपली समजूत असते. याची नजर मात्र जमिनीवर होती. त्याने वनस्पतींवर दोन मोठे ग्रंथ लिहिले. एकाचे ९ भाग आणि दुसऱ्याचे ६ भाग आजही उपलब्ध आहेत. त्यांत सुमारे ५०० वनस्पती आल्या आहेत. लिनियससारख्या शास्त्रज्ञाने त्याला वनस्पतिशास्त्राचा जनक मानले.

ही माहिती त्याने मिळवली कोठून? काही स्वतः पाहून, आणि पुष्कळशी शेतकरी, लाकूडतोडे व मुळ्या खणणारे वैदू यांना विचारून. पण ऐकले ते सगळेच त्याने खरे मानले नाही. एका झाडाची फळे म्हणे रात्रीच तोडावीत. दिवसा तोडताना सुतारपक्ष्याने पाहिले तर माणसाची दृष्टी जाते! ही बाब त्याने पदरची भर म्हणून बाजूला सारली. दुसऱ्या एका मुळीबद्दल वैदू सांगत, की अंगाला तेल लावून, वारा पाठीशी घेऊन ती खणावी, नाहीतर अंग सुजते. हे मात्र त्याला पटले. आपल्याकडे बिब्बा उततो म्हणून जपतात, त्यातलाच हा प्रकार.

आता आपल्या वडाकडे येऊ. इ. स. पू. ३२६ मध्ये शिकंदर पंजाबात आला. त्याच्या बरोबरच्या लोकांनी पाहिलेल्या झाडांचे वृत्तांत ग्रीसला गेले. त्यांवरून थिओफ्रॅस्टसने लिहिले, की भात बहुतेक काळ पाण्यात उभा असतो. कापसाची झाडे ओळीने लावतात आणि लांबून ती द्राक्षाच्या वेलींसारखी दिसतात. चिनाब नदीकाठच्या वडाबद्दल तो सांगतो, की त्याच्या फांद्यांपासून मुळे खाली उतरतात, जमिनीत रुजतात, आणि झाडाभोवती तंबूच उभा राहतो. ही मुळेच, फांद्या नव्हेत. कारण ती फिकट, केसाळ, वाकडीतिकडी आणि बिनपानांची असतात. पारंब्यांचे वर्णन याहून चांगले कसे करणार? फळ लहान पण अंजिरासारखे, असेही तो म्हणतो. आजचे शास्त्रही वड आणि अंजीर यांना फायकस या एकाच प्रजातीत घालते.

आणि याच वर्णनात तो लिहितो, की पान ढालीएवढे असते!

वडाचे पान आणि ढाल! केळीच्या पानाची हकीकत इकडे मिसळली असावी, असा विद्वानांचा तर्क आहे. माणूस एवढा चिकित्सक, मग चुकला कसा? वैद्याचे म्हणणे तो ग्रीसमध्ये पडताळू शकत होता. चिनाबकाठचे पान त्याच्या हाती कधी आलेच नाही. त्याची ही चूक आपल्याकडच्या एखाद्या गुराख्याच्या पोराने पान पुढे करून दुरुस्त केली असती. पण त्या पोराला विचारायला तेथे कोणी नव्हते.

म्हणून शिक्षकबंधूंना एक सांगावेसे वाटते. एक दिवस वर्ग पारावर न्या. मुलांना पान मोजू द्या, पारंबी आणि फांदी यांतला फरक त्यांचा त्यांना शोधू द्या. गावच्या जुन्या माणसांना झाडापेडाची माहिती विचारून लिहून घ्या. आणि कोणते स्वतः पाहिले, कोणते नुसते ऐकले, हे दोन रकान्यांत वेगळे मांडा. आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्या बांधावरच्या झाडाची माहिती तुमच्याइतकी कोणाला असणार? ती सांगायला संकोचू नका.

इ. स. पू. २८७ च्या सुमारास थिओफ्रॅस्टस वारला. आपली बाग कोणा एकाची होऊ नये, सोबत्यांनी तेथे मिळून अभ्यास करावा, आणि आपल्याला तेथेच, फारसा खर्च न करता पुरावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.