रूट ३३ वरची गाडी : दुचाकीपासून टाइप एसपर्यंत



आपल्या डब्लिनमधून रूट ३३ धरून वायव्येला निघालं, की थोड्याच वेळात मेरीसव्हिल येतं. आपल्यापैकी काही जण रोज त्या रस्त्यानं कामाला जातात. काही जण फक्त उन्हाळ्यात इंडियन लेकला जाताना तो बघतात. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि त्यातच अधूनमधून होंडाच्या इमारती. आजच्या भागात त्या इमारतींचा इतिहास सांगणार आहे, आणि त्यासाठी एक गाडी निवडली आहे : ॲक्युरा एमडीएक्स टाइप एस. ॲक्युरा हा होंडाचाच महागड्या गाड्यांचा ब्रँड, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

ही गाडी ईस्ट लिबर्टीच्या कारखान्यात तयार होते, म्हणजे याच रस्त्यावर मेरीसव्हिलच्या थोडं पुढे. आत तीन ओळी, बाहेर ३५५ हॉर्सपॉवरचा टर्बो व्ही-६, आणि वजन दोन टनांहून जास्त. एवढी उंच आणि जड गाडी वळणात एखाद्या बुटक्या सेडानसारखी कशी वागते, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. त्याचं उत्तर शोधताना चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जावं लागलं.

ऑक्टोबर १९७७ मध्ये होंडानं ओहायोत कारखाना काढायचं जाहीर केलं. गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स यांनी त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. एमबीएच्या वर्गात हे उदाहरण मिळालं असतं, तर आम्ही सगळ्यांनी मोठ्या कार प्लँटचा आराखडा काढला असता. होंडानं सुरुवात केली ती मोटारसायकलनं. १० सप्टेंबर १९७९ ला मेरीसव्हिलमध्ये पहिली सीआर२५०आर बाहेर पडली, चिखलात आणि उड्यांवर चालवायची दुचाकी. तेव्हा कामाला होती ६४ माणसं. अमेरिकन कामगारांच्या हातून जपानी दर्जाचा माल निघेल का, या शंकेला उत्तर द्यायचं होतं, आणि दुचाकीवर चूक झाली तर ती कारइतकी महाग पडणार नव्हती. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९८२ ला, त्याच गावात पहिली अकॉर्ड तयार झाली. अमेरिकेत कार बनवणारी होंडा ही पहिली जपानी कंपनी ठरली.

गंमत बघा, आपल्या घरांतही होंडा दोन चाकांवरूनच आली. १९८४ साली फिरोदियांच्या कायनेटिकनं होंडाशी भागीदारी केली, आणि पिथमपूरच्या कारखान्यातून कायनेटिक होंडा बाहेर पडू लागली. बटण दाबलं की सुरू, गिअर बदलायची कटकट नाही. स्कूटर तिरकी करून किका मारणाऱ्या पिढीला ती चैनच वाटली. भागीदारी १९९८ मध्ये संपली, पण आपल्यातल्या चाळिशीपुढच्या कितीतरी जणांनी वेग पहिल्यांदा अनुभवला तो त्या स्कूटरवर, आई किंवा मावशीच्या मागे बसून.

इकडे ओहायोत पसारा वाढत गेला. १९८५ मध्ये ॲना गावात इंजिनांचा कारखाना, १९८९ च्या डिसेंबरमध्ये ईस्ट लिबर्टीचा कार प्लँट. त्याआधी, १९८८ मध्ये, होंडानं राज्य सरकारकडून ईस्ट लिबर्टीचं ट्रान्सपोर्टेशन रिसर्च सेंटर विकत घेतलं होतं. तिथे गाड्या पळवून बघायला साडेसात मैलांचा लंबगोल ट्रॅक आहे. जवळच रेमंडला संशोधन आणि विकासाचं केंद्र उभं राहिलं. म्हणजे आखणी, इंजिन, जोडणी आणि चाचणी, चारही कामं शेतांच्या एका पट्ट्यात आली.

आता एसयूव्हीकडे वळू. २००० साल अनेकांना आठवत असेल. त्या ऑगस्टमध्ये फायरस्टोननं ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोररवर बसवलेले होते. टायरचा वरचा थर सुटायचा आणि गाडी उलटायची. अडीचशेहून अधिक माणसं दगावली. उंच बसलं की सुरक्षित, असं वाटून एसयूव्ही घेणाऱ्या कुटुंबांना तेव्हा कळलं, की त्या उंचीची किंमत असते. गाडीचा गुरुत्वमध्य जितका वर, तितकं वळणात किंवा अचानक चाक फिरवल्यावर वजन बाहेरच्या बाजूला झुकतं. बाहेरची चाकं दबतात, आतली हलकी होतात. हे झुकणं आवाक्याबाहेर गेलं की गाडी पलटी होते.

त्याच वर्षाच्या शरदात पहिली एमडीएक्स आली. ती ट्रकसारख्या वेगळ्या चौकटीवर बांधलेली नव्हती. पाया होता ओडिसी मिनीव्हॅनशी नातं सांगणारा : एकसंध बॉडी आणि मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन. तिसऱ्या ओळीत पोरं बसवून सॉकरला नेण्याची गाडी. २००१ चा नॉर्थ अमेरिकन ट्रक ऑफ द इयर हा मान तिला मिळाला. चालवायला ती समंजस होती, चपळ मात्र म्हणता आली नसती.

चपळपणा आला २००६ मध्ये, दुसऱ्या पिढीच्या एमडीएक्समध्ये. तिला मिळाली सुपर हँडलिंग ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे एसएच-एडब्ल्यूडी. ही यंत्रणा २००४ मध्येच सेडानमध्ये आली होती. ती समजून घ्यायला आपण गावाकडच्या खळ्यावर जाऊ.

मळणीला तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळच्या बैलाला छोटा फेरा, बाहेरच्या बैलाला मोठा. म्हणून शेतकरी सावकाश चालणारा, म्हातारा बैल आत बांधतो आणि दमदार बैल बाहेर ठेवतो. बाहेरचा रेंगाळला तर सगळी पात वाकडी होते. गाडीच्या चाकांचंही तसंच आहे. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आणि वजनही त्याच्याचवर आलेलं असतं. साधी ऑल-व्हील ड्राइव्ह पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताकद वाटते, पण डाव्या-उजव्याचा विचार फारसा करत नाही. त्यामुळे वळणात ॲक्सिलरेटर दाबला की जड गाडीचं नाक बाहेर जाऊ लागतं.

एसएच-एडब्ल्यूडीमध्ये मागच्या ॲक्सलपाशी दोन क्लच असतात, एक डाव्या चाकाचा, एक उजव्याचा. शिवाय मागचा शाफ्ट पुढच्यापेक्षा किंचित जास्त वेगानं फिरवण्याची सोय आहे. स्टीअरिंग किती वळलंय, गाडी किती झुकतेय, हे सेन्सर सांगतात, आणि बाहेरच्या मागच्या चाकाचा क्लच घट्ट आवळला जातो. आजच्या रचनेत ७० टक्क्यांपर्यंत ताकद मागे जाऊ शकते, आणि त्यातली सगळीच्या सगळी एकाच चाकाला देता येते. तो बाहेरचा बैल जोरात ढकलतो आणि गाडीचं नाक आत वळतं. ड्रायव्हरला जाणवतं ते एवढंच, की वळणाच्या मध्यावर हलकेच पाय दिला तर गाडी लांब फेकली न जाता आपल्या ओळीत येते.

टाइप एस ही या सगळ्याची आजची पायरी. २०२१ च्या अखेरीस ती बाजारात आली, टाइप एस हे नाव लावणारी ॲक्युराची पहिली एसयूव्ही. तिचं तीन लिटरचं टर्बो इंजिन ॲनामध्ये बनतं. पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे. त्याचे वरचे आणि खालचे असे दोन हात वळणात टायर रस्त्यावर जास्तीत जास्त सपाट ठेवतात. खाली पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या. स्पोर्ट प्लस मोडमध्ये गाडी थोडी खाली बसते, खराब रस्त्यावर वर उचलता येते. पुढचे ब्रेक ब्रेम्बोचे. एकूण काय, उंचीचा तोटा भरून काढायला प्रत्येक सांध्यावर काहीतरी खर्च केलेला आहे. शोरूममध्ये हॉर्सपॉवरचा आकडा आधी सांगतात. मला विचाराल तर पैसे वसूल होतात ते या सांध्यांमध्ये.

ही चैन आहे, हेही सांगायला हवं. शहरात गॅलनला १७ मैल, हायवेवर २१. आणि एक गोष्ट कुठल्याही यंत्रणेला जमत नाही. बर्फावर चार चाकांची ताकद गाडीला पुढे नेते, वळवायलाही मदत करते. थांबवायचं काम मात्र ब्रेकचं आणि टायरचं. दोन टनांचा धडपडणारा बोजा ॲक्सिलरेटरच्या जोरावर थांबत नाही. गाडी उलटू नये म्हणून स्टॅबिलिटी कंट्रोल २०१२ च्या मॉडेलपासून या देशात सगळ्याच नव्या कार आणि एसयूव्हींना सक्तीचं झालं, तरी टायरच घसरला तर त्या संगणकाच्या हातातही फार काही उरत नाही.

हे आवर्जून सांगतोय, कारण आपली मुलं सोळाची होताहेत. घरातली मोठी, सुरक्षित गाडी त्यांच्या हाती द्यावी असं वाटणं साहजिक आहे. गाडी इतकी शहाणी असते, की चूक पोटात घालते, आणि मुलाला वाटतं आपल्याला जमलं. म्हणून किल्ली देण्याआधी एखाद्या शनिवारी बर्फाळ, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शेजारी बसा. जोरात ब्रेक लावायला सांगा. गाडी किती लांब जाऊन थांबते ते त्यांना डोळ्यांनी बघू द्या. हिवाळ्याचे टायर लावले तर ते अंतर किती कमी होतं, तेही दाखवा.

आणि पुढच्या वेळी रूट ३३ नं जाताना त्यांना मेरीसव्हिलची ही गोष्टही सांगा : ६४ माणसं, एक चिखलातली मोटारसायकल, आणि एकेक पायरी नीट बसल्याशिवाय पुढची न चढण्याची सवय. गाडी शिकताना तीच उपयोगी पडते.

 पुढच्या भागात भेटूच. तोवर सावकाश चालवा, नमस्कार!