साठ हजारांची पुडी आणि पेकिंगचे दोन डॉक्टर

मामाचं डायलिसिस सुरू झाल्यापासून नातेवाईकांचा एक सल्ला ठरलेला आहे. "त्याला सकाळी गच्चीत उन्हात बसवा, आणि ती साठ हजारांची पुडी द्या दुधातून. हाडं दुखायची थांबतील बघा." (मावशी, हे तुझ्यासाठीच लिहितोय, रागावू नकोस!) सल्ला अगदीच टाकाऊ नाही. पण ऊन आणि पुडी मिळून काम अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं काय ते कळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

१८८३ साली रिचर्ड क्लेमंट लुकस नावाच्या लंडनच्या सर्जनने 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की वयात येणाऱ्या काही मुलांना उशिरा मुडदूस होतो आणि त्यांच्या लघवीत अल्ब्युमिन सापडतं. दोन गोष्टी त्याने शेजारी ठेवल्या, एवढंच. कारण सांगणार कसं? ड जीवनसत्त्व ही भानगडच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. पुढे १९१९ मध्ये मेलनबीने कुत्र्याच्या पिल्लांना कॉडलिव्हर तेल पाजून मुडदूस टाळला, बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्कीने अतिनील दिव्याखाली मुलं बरी केली, आणि मॅकॉलमने त्या तेलातल्या पदार्थाला 'डी' हे अक्षर दिलं. साधा मुडदूस हटला. किडनीवाला मात्र हटेना.

इथे गोष्ट पेकिंगला जाते, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. तिथल्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात (रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर उभं राहिलेलं) लिऊ शीहाओ आणि चू शिएनयी हे दोन डॉक्टर हाडं मऊ पडलेल्या रुग्णांचा अभ्यास करत होते. पद्धत भयंकर चिकाटीची. पोटात गेलेलं कॅल्शियम आणि फॉस्फरस मोजायचं, लघवी-शौचातून बाहेर पडलेलं मोजायचं, आणि शरीरात किती राहिलं त्याचा हिशोब मांडायचा. साध्या कुपोषणाच्या रुग्णांना ड जीवनसत्त्व दिलं की हिशोब सुधारायचा. किडनी गेलेल्यांचा ढिम्म हलायचा नाही. मग त्यांनी ए. टी. १० हे वेगळंच औषध वापरलं, मुळात पॅराथायरॉइडच्या विकारात येणाऱ्या आकडीसाठी जर्मनीत तयार झालेलं. ते लागू पडलं! शिवाय त्यांनी लोह दिलं, रक्तासाठी नव्हे, तर आतड्यातच फॉस्फरस अडवून धरायला.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं आणि जपानी फौजेने ते कॉलेज ताब्यात घेतलं. या दोघांचे निष्कर्ष १९४२-४३ मध्ये अमेरिकन नियतकालिकांत छापून आले. 'रीनल ऑस्टिओडिस्ट्रॉफी' हे या आजाराचं नाव त्यांनीच दिलेलं. लोहाची युक्ती मात्र मागे पडली. सत्तर वर्षांनी, २०१४ मध्ये, फेरिक सायट्रेटला फॉस्फरस अडवण्यासाठी मान्यता मिळाली. असो.

एक औषध चालतं आणि दुसरं नाही, असं का? उत्तर १९७० साली केंब्रिजमधून आलं. फ्रेझर आणि कोडिचेक यांनी दाखवलं की किडन्या काढलेल्या उंदरांत ड जीवनसत्त्वाचं शेवटचं, खरं काम करणारं रूप तयारच होत नाही. म्हणजे त्वचेत किंवा पुडीतून आलेलं 'ड' हा कच्चा माल. त्यावर आधी यकृतात एक प्रक्रिया होते, मग किडनीत दुसरी, आणि तेव्हा कुठे कॅल्सिट्रायॉल बनतं. ए. टी. १० च्या रेणूची ठेवण अशी की त्याला किडनीतल्या पायरीची गरजच पडत नाही. पेकिंगच्या हिशोबवह्यांत उत्तर होतं, फक्त ते वाचायचं रसायनशास्त्र अजून जन्माला यायचं होतं.

१९७२ मध्ये किडनी निकामी झालेल्या रुग्णांना हे तयार रूप देऊन पाहिलं आणि कॅल्शियम शोषलं जाऊ लागलं. १९७८ मध्ये अमेरिकेत कॅल्सिट्रायॉलला परवानगी मिळाली. या गोळीत ०.२५ मायक्रोग्रॅम औषध असतं. मावशीच्या पुडीत दीड मिलिग्रॅम, म्हणजे सहा हजार पट! दोन्हींना घरात 'डी'च म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो. (आणि दुधात फॉस्फरस भरपूर असतो. त्याबद्दल नंतर फोनवर बोलू.)

पुढची वीस-तीस वर्षं ही गोळी सढळ हाताने दिली गेली. मग ब्रेक लागला. २००० साली एफजीएफ-२३ हा हाडातून निघणारा हार्मोन सापडला. फॉस्फरस साचू लागला की तो वाढतो आणि किडनीतला कारखाना मुद्दाम मंदावतो. म्हणजे कारखाना नुसता मोडत नाही, आधी वरून हुकूम येतो! मग बाहेरून तयार माल ओतणं कितपत शहाणपणाचं? २०१२ च्या प्राइमो चाचणीत २२७ रुग्णांपैकी निम्म्यांना पॅरिकॅल्सिटॉल हे त्याच जातीचं औषध अठ्ठेचाळीस आठवडे दिलं. हृदयाच्या जाड झालेल्या भिंतीत फरक पडला नाही, रक्तातलं कॅल्शियम मात्र जास्त जणांत वाढलं. वाढलेलं कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसण्याची भीती असते. म्हणून २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी डायलिसिसपर्यंत न पोचलेल्या रुग्णांना कॅल्सिट्रायॉल सरसकट देऊ नका असं सुचवलं. आजार बराच पुढे गेलेला असेल आणि पॅराथायरॉइडचं पीटीएच चढतच चाललं असेल, तरच ते राखून ठेवावं. डायलिसिसवरच्या रुग्णांचा हिशोब वेगळा. त्यांच्यासाठी पीटीएच खाली आणायचा तो आजही एक मान्य उपाय आहे. साध्या 'ड'ची कमतरता आढळली तर ती इतर लोकांसारखीच भरून काढा, असंही त्या सूचनांत आहे. तेवढ्यापुरती मावशीची पुडी जिंकली.