भिंतीवरच्या लक्ष्मीचा चेहरा

आज आपण आपल्याच घरातल्या एका चित्राची गोष्ट ऐकणार आहोत. तळ्यातल्या कमळावर उभी असलेली, चार हातांची, जरीकाठाची साडी नेसलेली लक्ष्मी. बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. कॅलेंडरवर, किराणा दुकानात, आपल्या देवघरात हे रूप आपण इतक्यांदा पाहिलंय, की लक्ष्मी अशीच दिसते असं आपण धरून चालतो.

कमळ आणि हत्ती फार जुने. पण हा चेहरा आणि ही साडी मात्र सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडची नाही. ती दिली राजा रविवर्मा या चित्रकाराने.

त्याआधी आपल्या गावांत देवी कशी होती? शेंदूर लावलेला तांदळा, पितळेचा मुखवटा, देव्हाऱ्यातला टाक. चित्रं होती, पण ती मोठ्या डोळ्यांची, ठसठशीत रेघांची. खरी बाई समोर उभी आहे असं ती पाहून वाटत नसे.

रविवर्मांचा जन्म 1848 साली केरळातल्या किळिमानूरचा. युरोपातून आलेली तैलरंगांची रीत त्यांनी आत्मसात केली. या रंगांत कातडीची चमक, साडीची चुणी, दागिन्यावर पडलेला उजेड हुबेहूब उतरतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना पुराणकथांवरची 14 चित्रं काढायला सांगितली. आता अडचण आली. दमयंती काय नेसत होती? सीता कशी दिसत होती? पाहिलेलं कोणीच नव्हतं. रविवर्मा आपल्या भावाला घेऊन उत्तर हिंदुस्थानात फिरले. पाहतात तो मुलखामुलखात पेहराव निराळा. त्यांच्या स्वतःच्या केरळात बायका मुंडू नेसायच्या. शेवटी देवींना आणि पुराणातल्या नायिकांना त्यांनी साडी नेसवली.

आणि चेहरा? तो जिवंत बायकांचा. बाईला समोर बसवायचं, तिची मान, मनगट, बसण्याची ढब न्याहाळायची आणि त्यातून देवी घडवायची. म्हणजे कल्पनेतल्या देवीला देह मिळाला तो खऱ्या बाईचा. त्या बायकांची नावं मात्र देवीच्या चित्राखाली आली नाहीत.

तैलचित्रं राजवाड्यांत राहिली असती, तर आपल्यापर्यंत काही पोचलं नसतं. पण 1894 साली रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळेवर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि एकाच कागदावर एकेक रंग चढवत जायचे. अशी चित्रं घरोघर गेली. देवळाची पायरी ज्यांना चढू देत नसत, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या. ही लहान गोष्ट नव्हे.

आणखी एक गंमत. पुष्कळ घरांत बायकांनी या छापील चित्रांवर खरी जर, टिकल्या, मणी आणि कापड लावून देवीला नटवलं. चित्रकाराने साडी रंगवली होती, बायकांनी ती नेसवली. अशी चित्रं आजही जुन्या घरांत आणि संग्रहालयांत दिसतात.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. देवी खऱ्या बाईवरून काढली. नंतर खऱ्या बाईला त्या देवीवरून मापायला लागले. मुलगी पाहायला आलेले लोक "अगदी लक्ष्मीसारखी आहे" म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काय असतं? गोरा रंग, मऊ हात, अंगभर सोनं. उन्हात खुरपून रापलेला चेहरा त्यात बसत नाही. घरात धान्य आणि पैसा येतो तो याच रापलेल्या हातांनी, तरीही.

रविवर्मांनी कोणाला कमी लेखायला चित्र काढलं असं मी म्हणत नाही. त्यांनी समोर दिसलेल्या बाईत देवी पाहिली. आपण मात्र चित्राला खरं धरलं आणि समोरच्या बाईला विसरलो.

तर मैत्रिणींनो, बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एकदा बोलून बघा: आपल्यापैकी कोणाला समोर बसवून लक्ष्मी काढायची झाली, तर तिच्या चार हातांत काय काय असेल? भेटू या पुढच्या भागात. नमस्कार.