मावळा: मावळतीकडचा माणूस

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या फुटपाथवर मातीची चित्रं मांडलेली असतात. ‘मावळे कसे दिले?’ म्हणायचा अवकाश, विकणारा भालेवाला, ढालवाला, तुतारीवाला असे सगळे पुढ्यात ठेवतो. पोरांच्या किल्ल्यावर, अळिवाच्या हिरवळीत पहारा करणारा हा गडी मुळात शिपाई नव्हे. त्याच्या नावात आहे ती दिशा.

सूर्य मावळतो ती मावळत. देशावरून पाहावं तर तो सह्याद्रीआड जातो. म्हणून डोंगराच्या कुशीतली ती खोरी झाली मावळ आणि तिथला माणूस मावळा. कोकणातल्या माणसाला मात्र हाच मुलूख उगवतीला दिसतो. म्हणजे नाव ठेवणारा देशावरचा! घाटाखालच्या पायदळाला ‘हेटकरी’ म्हणत, तेही असंच; हेट म्हणजे खालची बाजू. उत्तरेत पूर्वेकडून आलेल्या शिपायांना ‘पुरबिये’ म्हणत. लांबच्या माणसाला आधी दिशेनंच ओळखतात.

जवळ गेलं की मावळाची खोरी होतात. आजच्या भोर-वेल्ह्यातच हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिड खोरं, कानद खोरं, वेळवंड खोरं. हिरडस मावळाचे देशमुख बांदल, गुंजण मावळाचे शिळीमकर, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे. तोरणा आणि राजगड याच मुलखात. शिवाजी महाराजांनी पायदळ उभं केलं ते इथल्या कुणब्यांतून, आणि मुलखाचं नाव फौजेला चिकटलं. १६६० साली घोडखिंडीत लढले ते बांदलांचे लोक. आज आपण त्यांना सरसकट मावळे म्हणतो.

पुढं १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत सत्याग्रह झाला. तिथले मावळे म्हणजे जमीन जाणारे शेतकरी. हातातली ढाल गेली, नाव राहिलं.

आता गाडीच्या काचेवर ‘शिवबांचा मावळा’ लिहायला गाव कुठलंही चालतं. गंमत अशी, की सरकारदरबारी मावळ तालुका आहे तो वडगावचा. भोर त्यात नाही आणि वेल्हेही नाही. वेल्ह्याला तर आता ‘राजगड’ हे नाव मिळालंय. मावळा झाला साऱ्या महाराष्ट्राचा; इथल्या माणसाला मात्र पत्ता सांगायला अजून खोरंच लागतं.