एका कोळ्यामागे दीडशे वर्षं

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत, पालापाचोळ्यावर आणि दगडांवर एक करडा-तपकिरी कोळी वावरतो. लांबी जेमतेम 4-5 मिलिमीटर. जाळं विणून भक्ष्याची वाट पाहणं त्याला ठाऊक नाही. नजरेनं हेरायचं, दबकत जवळ जायचं आणि झेप घालायची, ही त्याची रीत.

1846 साली त्याची शास्त्रीय नोंद केली निकोलस हेंट्झ यांनी. मूळचे फ्रान्समधले हेंट्झ पोटापाण्यासाठी फ्रेंच शिकवत. पुढे पत्नी कॅरोलिन ली हेंट्झ या कादंबरीकार म्हणून गाजल्या. पत्नीसोबत हेंट्झ यांनी अलाबामात मुलींची शाळाही चालवली. उरलेल्या वेळात ते कोळी जमवून त्यांची चित्रं काढत. या कोळ्याला त्यांनी नाव दिलं ‘अ‍ॅटस प्युलेक्स’.

चाळीसेक वर्षांनी तो मिलवॉकीच्या जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम यांच्या नजरेत भरला. जॉर्ज हायस्कुलात जीवशास्त्राचे शिक्षक, पुढे शहराच्या सार्वजनिक वाचनालयाचे प्रमुख. एलिझाबेथ व्हासर कॉलेजच्या पदवीधर. त्या काळी वाद रंगला होता तो नरांच्या नटव्या रूपाचा. मादी निवड करते म्हणून नर नटतात, हे डार्विननं 1871 मध्ये मांडलं होतं. निसर्गअभ्यासक वॉलेसला ते पटत नव्हतं. रंग आणि भपका ही नराच्या अंगातल्या जादा जोमाची खूण आहे, असं तो म्हणे.

पेकहॅम दांपत्यानं हा वाद कोळ्यांपुढे नेला. जिवंत नर-माद्या एकत्र ठेवून ते त्यांच्या हालचाली टिपू लागले. प्युलेक्सचा नर मादी दिसताच तिच्या दिशेनं निघे आणि थोड्या अंतरावर थबके. मग एका बाजूचे पाय ताणून, दुसऱ्या बाजूचे दुमडून अंग इतकं कलतं करी की आता कोसळतो की काय असं वाटावं. तशाच तिरक्या चालीनं तो अर्धवर्तुळं काढत राही. मादी त्याच्यावरची नजर न हटवता वळत राही आणि मध्येच अंगावर धावून जाई. मग हा मागे सरे. एका नराच्या अशा 111 फेऱ्या त्यांनी मोजल्या.

ही निरीक्षणं 1889 मध्ये छापली गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी वॉलेसला थेट उत्तर दिलं: कोळ्यांत माद्याच अनेकदा जास्त चपळ आणि भांडखोर असतात, मग जोमामुळे रंग येतो म्हणायचं तर त्या फिक्या का? नर आपलं नटवं अंग मादीला दिसेल असंच नाचवतो, यातून डार्विनच्या बाजूला बळ मिळालं.

नाचाचं कोडं सुटत आलं तरी पोटाचा प्रश्न उरलाच होता. तो हाती घेतला गेला 1990च्या दशकात. इतर किडे समोर असतानाही हा कोळी मुंग्यांना पसंती देतो, असं 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलं. मुंग्या चावतात, म्हणून बहुतेक कोळी त्यांच्या वाटेला जात नाहीत. 2000 साली आणखी एक गोष्ट कळली. मुंग्या वावरलेल्या मातीवर तो जास्त वेळ रेंगाळतो. नजरेवर जगणारा हा शिकारी मातीतल्या रासायनिक खुणांचाही माग घेतो.

2003 मध्ये अमेरिकी अभ्यासक जी. बी. एडवर्ड्स यांनी त्याला ‘नॅफ्रिस’ या नव्या प्रजातीत घातलं. त्याआधीही त्याची प्रजाती बदलत आली होती. त्यामुळे त्याच्यावरचं लिखाण धुंडाळणाऱ्याला आज चार नावांनी शोध घ्यावा लागतो: हेंट्झच्या चित्रासाठी ‘अ‍ॅटस’, पेकहॅमच्या नाचासाठी ‘साइटिस’, मुंग्यांच्या प्रयोगांसाठी ‘हॅब्रोसेस्टम’ आणि त्यानंतरच्या सगळ्यासाठी ‘नॅफ्रिस’.