सोलापूरचा चांगला शोमरोनी

आमच्या संभाजीनगरहून दक्षिणेस निघावे, बीड, धाराशिव, तुळजापूर मागे टाकावे, म्हणजे सोलापूर येते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे हे जन्मगाव. १० ऑक्टोबर १९१० रोजी ते येथे जन्मले. त्यांच्या घरात आज त्यांचे स्मारक आहे.

१९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले तरुण कोटणीस होते. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने परक्यांच्या जखमा बांधण्यास आपले पुत्र धाडले, हे विसरता येत नाही.

चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. तरी कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले व पुढे थेट आघाडीवर गेले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. ते चिनी भाषा शिकले आणि तिच्यातूनच विद्यार्थ्यांना शिकवू लागले. सैनिकांची शुश्रूषा करताना रक्तदोष होऊन १९३९ साली मरण पावलेले कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये संचालक झाले. तेथील परिचारिका क्वो छिंगलान त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. मुलाचे नाव ठेवले यिन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन. मूल काही महिन्यांचे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने कोटणीसांचे निधन झाले. वय अवघे ३२. चौघे सहकारी मायदेशी परतले. ते तेथेच मातीआड झाले.

कोटणीस अखेरीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. त्यांची वाट आमच्या श्रद्धेची नव्हती. परंतु ‘माझा शेजारी कोण?’ असे एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभू येशूने याजक किंवा लेवी यांचा दाखला दिला नाही. ऐकणाऱ्यांनी परका मानलेल्या शोमरोन्याचा दिला. हा उतारा मिस्सात पुन्हा वाचला जाईल, तेव्हा घरी परतल्यावर आपण मुलांना या सोलापूरच्या डॉक्टरांची कथा सांगू या. शेजारी ओळखण्याची खूण आम्हांस त्यातही दिसते.