चर्चा आणि सामाजिक शास्त्रांच्या नवशिक्षकांचे प्रशिक्षण : अमेरिकेतील एक टप्पा

चर्चेतून लोकशाही नागरिकत्व शिकवावे, हा विचार अमेरिकेत जुना आहे. १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या समितीने माध्यमिक शाळेच्या अंतिम वर्षासाठी ‘लोकशाहीचे प्रश्न’ हा विषय सुचविला. त्याच वर्षी जॉन ड्यूई यांचा ‘लोकशाही आणि शिक्षण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९६६ मध्ये डोनाल्ड ऑलिव्हर व जेम्स शेव्हर यांनी वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांच्या चर्चेची शिस्तबद्ध चौकट मांडली. तथापि ती वर्गात राबविणारा शिक्षक कसा घडवावा, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या दृष्टीने वॉल्टर पार्कर व डायना हेस यांचा २००१ मधील लेख मोलाचा आहे. छात्राध्यापकांसमोर उत्तम चर्चा घडवून दाखविली, तरी तेवढ्याने त्यांना चर्चा चालविता येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अध्यापनाविषयी मोकळेपणाने नोंदविले. (अशी कबुली शिक्षणशास्त्रीय लेखनात विरळाच.) त्यातूनच ‘चर्चेद्वारे अध्यापन’ आणि ‘चर्चेसाठी अध्यापन’ हा भेद त्यांनी विशद केला. पहिल्यात चर्चा हे आशयाच्या आकलनाचे साधन असते; दुसऱ्यात चर्चा हाच अभ्यासविषय ठरतो. आपल्याकडील बी.एड.च्या पाठ टाचणांत चर्चा बहुधा ‘अध्यापन पद्धती’ या रकान्यातच नोंदविली जाते. दुसऱ्या अर्थाने ती कोठे नोंदवावी, हे छात्राध्यापकाला कोणी सांगत नाही.